पाऊण किलोचा गारवा

मे महिन्यात तिवस्यात कुणाच्याही घरी भरदुपारी गेलात, तर पाण्याच्या गडव्याआधी एक बातमी समोर येते. "बसा. पण एसी काही थंडं करून नाई राह्यला. गॅस संपला त्यातला." सांगणाऱ्याच्या आवाजात खेदापेक्षा समाधान जास्त. आजाराला नाव मिळालं की माणूस निम्मा बरा होतो, आणि एसीच्या यच्चयावत आजारांना आमच्याकडे हे एकच नाव आहे. पाणी गळतंय? गॅस. घरघर येते? गॅस. रिमोटचे सेल उतरलेत, तरी पहिला संशय गॅसवरच.

मुळात हा गॅस संपायची वस्तूच नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. गच्चीवरच्या जाळीत तो आपली उष्णता टाकून द्रव होतो, बारीक नळीतून सुटला की खोलीतल्या जाळीत उकळतो, उकळताना खोलीची उष्णता उचलतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरच्या दारात हजर. तोच गॅस, तोच फेरा, दहा वर्षं चालो की पंधरा. त्यातलं काही जळत नाही, काही झिजत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी निघून गेलाय, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेकदा नळीच्या टोकाचा पितळी नट नीट बसलेला नसतो, नाहीतर एखाद्या जोडाला केसाएवढी चीर गेलेली असते. पण "गळतोय" म्हटलं की शोधत बसावं लागतं. "संपला" म्हटलं की भरला म्हणजे झालं. म्हणून दर उन्हाळ्यात नेमाने गॅस भरणारी घरं गावात आहेत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मार्चमध्ये तिखट-हळद, एप्रिलमध्ये गहू, मे महिन्यात एसीचा गॅस. वर्षाच्या सामानाच्या यादीत तो जाऊन बसलाय.

बरं, कित्येकदा तो गेलेलाही नसतो. एसीवर जो 'दीड टन' छापलेला असतो, तो कंपनीने बाहेर ३५ अंश आहेत असं धरून मोजलेला असतो. ३५ अंश! आमच्याकडे मे महिन्यात ३५ अंश रात्री जेवणं झाल्यावर होतात, आणि तेव्हा लोक "आज जरा बरं वाटून राह्यलं" म्हणतात. दुपारी तीनला अमरावती-नागपूर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं असतं, पारा ४५ च्या वर असतो, आणि गच्चीवरचं यंत्र त्या भट्टीत आणखी उष्णता ओतायची धडपड करत असतं. त्या वेळी दीड टनाचा दीड टन उरत नाही. यात गॅसचा काही दोष नाही. दोष वऱ्हाडचा आहे, आणि तो भरून मिळत नाही.

त्यात आमची माया. गच्चीवरच्या यंत्राला ऊन लागतं म्हणून त्यावर ओलं पोतं टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून वाढलेली ही पिढी, तिला पोतं ओलं केलं की पुण्य लागल्यासारखं वाटतं. यंत्राला मात्र वारा हवा असतो, आणि पोत्याने त्याचं नाक दाबलं जातं. आतल्या फिल्टरची कथा निराळी. तिवस्यातला फिल्टर काढून झटकला तर त्यातून सोयाबीनचं कुटार, कापसाचे तंतू आणि थ्रेशरची धूळ असा सगळ्या हंगामांचा पीकपाहणी अहवाल बाहेर पडतो. तो नळाखाली धुतला तर अर्ध्या गावाचा 'संपलेला' गॅस परत येईल. पण फिल्टर घरच्यांनी धुवायचा असतो आणि गॅस दुसऱ्याने भरायचा असतो, तेव्हा निदान कोणतं होणार हे उघड आहे.

शिवाय रिमोट १६ वर. जानेवारी २०२० पासून देशात नवा एसी सुरू करताच २४ अंशांवर उघडावा असा नियम झाला. तिवस्यात तो २४ वर उघडतो आणि पुढच्या सेकंदाला १६ वर जातो. १६ केल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त यंत्राला थांबायची परवानगी मिळत नाही. हे मी घरोघरी सांगून पाहिलंय. लोक ऐकून घेतात, मान हलवतात आणि रिमोट माझ्यापासून लांब ठेवतात.

कूलरच्या काळात ही भानगड नव्हती. पत्र्याच्या पेटीत पाणी किती आहे ते झाकण उचलून दिसायचं. संपलं की बादली ओतायची. आमची एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी की कूलर एखाद्या एसीला लाजवील असा वारा द्यायचा, फक्त बाजूने जाताना चप्पल घालून जायचं, नाहीतर करंट. मृगाचा पाऊस पडला की त्याची सगळी मिजास उतरायची. एसीचं सगळंच बंद नळीत. दिसत नाही, वास येत नाही, हलवून पाहता येत नाही. आणि जे दिसत नाही त्याचं माप कोण काढणार, असं म्हणून आपण ते दुसऱ्याच्या हातावर सोपवतो.

हातावर म्हणजे अक्षरशः हातावर.

मेकॅनिक येतो. खांद्यावर निळी, लाल आणि पिवळी अशा तीन रंगांच्या नळ्या आणि दाब दाखवणारी दोन घड्याळं. हातात गॅसचा लहान सिलिंडर. त्याच्या तोंडी मापं असतात ती सुताची : दोन सुती पाइप, चार सुती पाइप. एवढ्या सुतासुताने बोलणारा माणूस गॅसकडे आला की एकदम कवी होतो. गच्चीवरच्या जाड पाइपला तो पंजा लावतो, डोळे मिटतो, आणि सांगतो, "थोडा कमी आहे." थोडा म्हणजे किती, हे विचारायची पद्धत नाही. वैद्याने नाडी धरली असताना आपण कुठे आकडा विचारतो?

कधी पाइपवर पांढरा बर्फ धरलेला असतो. घरच्यांना तो पाहून आनंद होतो. पोरं बोटाने खरवडून पाहतात. "पहा कसा गारेगार करून राह्यला! आत काहून नाई येऊन राह्यलं मंग?" आत येत नाही, कारण बर्फ हीच मुळात तक्रार आहे. गॅस कमी पडला किंवा जाळीवरून वारा वाहिनासा झाला की जाळीचं तापमान शून्याखाली जातं, हवेतली वाफ तिथेच गोठते आणि उरलेली वाटही बंद होते. म्हणजे बर्फ जितका जास्त तितकी खोली गरम. पण घरातल्या आजींना हे पटवणं कठीण. बर्फ दिसतोय ना? मग तो आतल्या पेटीत का ढकलत नाहीत, असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

दुसरं माप घड्याळाच्या सुईचं. जुन्या आर-२२ गॅसला चालू यंत्रात पासष्ट-सत्तर पीएसआय, आर-४१० ला सव्वाशेच्या पुढेमागे, आर-३२ ला त्याहून थोडं वर, असे आकडे मेकॅनिकच्या पाठ असतात. सुई तिथे आली की गॅस 'बरोबर'. पण हा आकडा बाहेरच्या उन्हावर हलतो, आतल्या ओलाव्यावर हलतो, फिल्टरमधल्या कुटारावर हलतो. आणि इन्व्हर्टर एसी असेल तर कॉम्प्रेसर आपल्याच मर्जीने कधी पळतो, कधी रेंगाळतो, त्याच्याबरोबर सुईही. मग मेकॅनिक सुईकडे बघतो, सुई मेकॅनिककडे बघते, आणि दोघंही एकमेकांच्या निर्णयाची वाट पाहतात.

तिसरं माप करंटचं. वायरीला चिमटा लावायचा आणि अँपिअर पाहायचे. यंत्रावरच्या पाटीत लिहिलेत तेवढे आले की सिलिंडरची चावी बंद. पद्धत वाईट नाही, पण ती व्होल्टेज २३० असलेल्या गावांसाठी आहे. मे महिन्यातल्या दुपारी सगळ्या गावाचे पंखे, कूलर आणि एसी एकदम लागलेले असताना व्होल्टेज १८० वर उतरलं की तोच कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढतो. चिमटा म्हणतो, पोट भरलं. गॅस तेवढाच असतो. रात्री अकराला व्होल्टेज वर आलं की अँपिअर खाली येतात, आणि तोवर मेकॅनिक मोझरीतल्या दुसऱ्या गच्चीवर पोचलेला असतो.

शेवटचं आणि अंतिम माप घरातल्या कर्त्या माणसाचं. तो पंख्याखालून उठतो, एसीखाली उभा राहतो, हात वर करतो आणि निकाल देतो : "आता आलं." या निकालावर अपील नाही.

हे सगळं कुठे चालतं? जिथे बाजार समितीच्या आवारात दोनशे ग्रॅमवरून हमरीतुमरी होते, त्या गावात. सोयाबीन घेऊन गेलेल्या माणसाला पाहा. ओलावा बारा टक्क्यांच्या वर दाखवला की तो मीटरवालाच ओला आहे असं सिद्ध करायला निघतो. कापसात आठ ते बारा टक्के ओलाव्याचं गणित त्याच्या जिभेच्या टोकावर. काटा शून्यावर आहे का ते आधी दाखव, म्हणतो. पोत्याचं वजन किती धरलं, कडता किती कापला, हे हमालाला दोनदा विचारतो. वजनमापे खात्याचा शिक्का यंदाचा आहे की गेल्या साली मारलेला, हे वाकून वाचतो. आमच्या गल्लीतल्या एका काकाजींची तर ख्याती अशी की ते आवारात शिरले की काटेच आपोआप शून्यावर येतात. तेच काकाजी घरच्या गच्चीवर एसीवाल्याला म्हणतात, "टाक बापा तुह्या अंदाजानं."

आणि तालुका कोणता? रुक्मिणीच्या माहेरचा. कौंडण्यपूर आमच्याच तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. श्रीकृष्णाची तुला करताना सत्यभामेचं सगळं सोनंनाणं कमी पडलं आणि रुक्मिणीने तुळशीचं एक पान ठेवताच पारडं बरोबर झालं, ही गोष्ट आम्ही पाळण्यात ऐकतो. एका पानाचा फरक ओळखणारी लेक ज्या तालुक्याची, तिथे पाऊण किलोच्या वस्तूत पाव किलोचा फरक पडला तरी कुणी "जरासाक" म्हणून सोडून देतं, हे मला पटत नाही.

कारण माप इथे खरोखरच नाजूक आहे. दीड टनाच्या घरगुती एसीत आर-३२ गॅस असतो सातशे-नऊशे ग्रॅमच्या घरात. हे ऐकून लोक दुखावतात. "दीड टनाच्या मशिनीत पाऊण किलो माल?" मुळात हा टन वजनाचा नाहीच. अमेरिकेत बर्फाने गारवा करायचे त्या काळातला तो हिशेब आहे : दोन हजार पौंड बर्फ, म्हणजे आपले ९०७ किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढं काम म्हणजे एक टन. तुमच्या दीड टनाच्या पेटीने मनावर घेतलं तर दिवसाला साडेतेराशे किलो बर्फ वितळण्याइतकी उष्णता ती घराबाहेर फेकते. आणि हे सगळं ओझं फेऱ्या मारून मारून वाहतो कोण, तर पाऊण किलो गॅस. इतक्या कमी माणसांवर इतकं काम टाकल्यावर त्यातला एक रजेवर गेला तरी कळतं, आणि दोन आगंतुक जास्त आले तरी कळतं. गॅस जास्त झाला की दाब वाढतो, बिल वाढतं, आणि द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर नवा कॉम्प्रेसर आणावा लागतो. "थोडा जास्तीचा टाकून दे, पुढच्या वर्षी कामी येईन" ही सूचना तिवस्यात सर्रास दिली जाते. ती ऐकून एसी बोलू शकला असता तर वऱ्हाडीत बोलला असता, आणि ते इथे छापता आलं नसतं.

दाबावरून माप का कळत नाही, हे समजायला कॉलेज लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं. शेगडीचा सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, ज्योत सारखीच. कारण आत द्रव शिल्लक आहे तोवर वरच्या वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो, किती माल उरलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणूनच तो सिलिंडर पाहुणे बसलेले असताना, कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आधी, कसलीही सूचना न देता जातो. एसीचंही तेच. यंत्र बंद करून घड्याळ लावलं तर ४५ अंशांना आर-३२ चारशेच्या आसपास दाखवतो, आणि आत आठशे ग्रॅम असले काय नि पाचशे असले काय, तेवढंच दाखवतो. तरी बंद यंत्रावर सुई पाहून "दाब तं चांगला आहे" म्हणणारे महाभाग भेटतात. शेगडीच्या सिलिंडरला आपण मात्र असे फसत नाही. दारात आला की काटा लावायला सांगतो. १४.२ किलो गॅस, अधिक सिलिंडरवर खोदलेलं रिकामं वजन, बेरीज जुळली पाहिजे. आजींनाही हे येतं. अशिक्षित म्हणावी अशी बाई दारातल्या पोराला वजनावरून पळवून लावते, आणि सुशिक्षित मुलगा गच्चीवर "अंदाजानं" म्हणतो.

गॅसचे नंबर हाही एक घोळ. दुकानात एसी घ्यायला गेलेले एक मास्तर मला म्हणाले, "जुन्यात चारशे दहा होता, नवीन देऊन राह्यले बत्तीस. एकदम एवढा कमी?" नंबर मोठा तर माल चांगला, हा हिशेब बियाण्यांच्या पिशव्यांवरून आलेला असावा. खरं तर आर-४१० म्हणजे निम्मा आर-३२ आणि निम्मा आर-१२५ असं मिश्रण आहे, म्हणजे मास्तरांच्या जुन्या एसीतही अर्धं बत्तीसच होतं. हे सांगितल्यावर ते जास्तच खिन्न झाले.

या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष टॉमस मिजली. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत त्याने आपला नवा गॅस छातीभर ओढून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटतही नाही, सिद्ध! त्याचंही माप छातीभर, ही गोष्ट आमच्या मेकॅनिकांना दिलासा देणारी आहे. पुढे कळलं की त्या जातीचा गॅस वर जाऊन ओझोन खातो. मग १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारतही त्यात आला. आर-१२ गेला, आर-२२ नव्या एसींतून गेलाच आहे आणि २०३० पर्यंत तो जवळपास हद्दपार करायचं ठरलंय. आर-३२ ओझोनला हात लावत नाही, पण तो थोडासा पेटतो, आणि हवा तापवायला मदत करतोच. किती, तर एक किलो आर-३२ हवेत सोडला की ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी. आर-४१० असेल तर २०८८ किलो. लिटरभर पेट्रोल जळून साधारण सव्वादोन-अडीच किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोटारसायकल घेऊन गणित करून पाहा. किलोभर आर-४१० 'फुस्स' करून सोडला की पृथ्वीला एक पूर्ण चक्कर मारून वर तिवसा-मुंबई दोनचार खेपा होतात. जुना गॅस गच्चीवर सोडून देताना तो 'फुस्स' आवाज चारपाच सेकंदांत आटोपतो, आणि आपण म्हणतो, चला, निघालं एकदाचं.

आता मेकॅनिकचीही बाजू आहे, आणि ती मला आपल्या बाजूपेक्षा जड वाटते. नीट काम करायचं तर काय करावं लागतं? आधी उरलेला गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. उरलेला गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. गळती बुजवायची. मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा. मग सिलिंडर काट्यावर ठेवून पाटीवर लिहिलाय तेवढा गॅस वजनाने सोडायचा. नुसत्या 'टॉप-अप'मध्ये काटा आणूनही उपयोग नसतो, कारण आत किती उरलाय हेच माहीत नसतं, मग त्यात किती घालायचा ते कसं कळणार? म्हणजे दोन-अडीच तासांचं काम. तापलेल्या पत्र्यावर, ४५ अंशांत, डोक्याला दुपट्टा बांधून. खाली घरमालक दर दहा मिनिटांनी विचारणार, "झालं का?" आणि खिशातला फोन वाजत राहणार, कारण गावातल्या सगळ्यांचा गॅस एकाच आठवड्यात संपलेला असतो. आयटीआयमध्ये दोन वर्षं बसून तो हे सगळं शिकलेला असतो. आपण त्याला दहा मिनिटांचे पैसे देतो आणि वर "जास्त लावून राह्यला" म्हणतो. मग तो आपल्याला दहा मिनिटांचंच काम देतो. यात मला त्याचं फार काही चुकलेलं दिसत नाही.

तरीही परवा आमच्या गच्चीवर काटा आला. चांगला चौकोनी, पाच-पाच ग्रॅम दाखवणारा. आणणारा मेकॅनिक विशी-बाविशीतला पोरगा. त्याने नटाला फेस लावून बुडबुडा दाखवला, उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, नट नव्याने बसवला आणि पंप लावला. बातमी गल्लीत गेली. काकाजी बनियनवरच वर आले.

"काय भरून राह्यला बे?"

"भरून नाई राह्यलो काकाजी, काढून राह्यलो."

"काय काढून राह्यला?"

"हवा."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. "आता हवेचे बी पैसे लावतीन हे."

पंप अर्धा तास चालला. पोराने समजावलं की नळीत ओलावा राहिला तर आत गोठून बारीक नळी बंद होते. काकाजींना ओलावा म्हटल्याबरोबर विषय आपला वाटू लागला. "किती टक्के चालते?" त्यांनी विचारलं. "शून्य," पोरगा म्हणाला. काकाजींच्या चेहऱ्यावर त्याच्याविषयी पहिल्यांदा आदर दिसला. सोयाबीनला बारा टक्के सोडणाऱ्या सरकारपेक्षा हा कडक निघाला.

मग काटा मांडला. मांडताच आकडे नाचू लागले, कारण मे महिन्याचा वारा. पोराने सिलिंडरभोवती खोक्याचा आडोसा केला. काकाजी स्वतः पाठ करून वाऱ्याच्या तोंडी उभे राहिले. पाटीवर लिहिलं होतं ०.७८ किलो. त्यात कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठरावीक लांबीच्या पुढे मीटरमागे वीस ग्रॅम धरायचे. आमचा पाइप चार मीटर जास्त, म्हणून ऐंशी ग्रॅम आणखी. "आठशे साठ," पोरगा म्हणाला. काकाजींनी पाइप हाताने मोजून काढला, कोपरापासून बोटापर्यंत, आणि बरोबर आहे असं जाहीर केलं.

चावी उघडली. सिलिंडरचं वजन उतरू लागलं आणि काकाजी हर्रास पुकारल्यासारखे ओरडू लागले. "शंभर गेला... दीडशे... दोनशे पाच..." शेजारच्या गच्चीवर दोन बाया आणि एक लहान पोर येऊन उभं राहिलं. आठशेच्या पुढे पोराने चावी अर्धी आवळली. आठशे चाळीस. पन्नास. साठ. बंद.

"थांब," काकाजी म्हणाले. "नळीत राह्यला त्याचं काय? त्याचा कडता कोनाच्या नावावर?"

मी त्यांना गप्प करणार तेवढ्यात पोरगा हसला. "बरोबर विचारलं काकाजी. नळीत बी काही ग्रॅम राहते." त्याने सिलिंडर बंद ठेवून यंत्र चालू केलं, नळीतला माल कॉम्प्रेसरला ओढू दिला, सुई खाली आल्यावर नळी काढली, आणि मार्करने यंत्राच्या पत्र्यावर लिहिलं : आर-३२, ८६० ग्रॅम, आणि तारीख. काकाजींनी ते दोनदा वाचलं. आयुष्यभर हमालांशी भांडून जे समाधान मिळालं नाही ते त्या पत्र्यावर होतं.

खाली आल्यावर त्यांनी आमच्या एसीखाली हात धरला, मान डोलावली आणि पोराला म्हणाले, "पोट्ट्या, असंच काम पाह्यजे. काट्याबिगर कामच करू नोको कोनाच्या घरी. आता माह्या घरचा पाहून घे, तो बी थंडं करून नाई राह्यला."

"करतो ना काकाजी. पन आधी सारा गॅस काढा लागते, गळती पाहा लागते. दोन-अडीच घंटे लागतीन. अन् मजुरी एवढीच होईन."

काकाजींनी दुपट्ट्याने मान पुसली.

"मंग राहू दे काटा," ते म्हणाले. "माह्यात अंदाजानंच टाक. दोनशे कमी घेजो."